काठी आणि टेकू

डोंगरपिंपरीत भैरोबाची काठी उभी राहिली की नऊ दिवस गावात दुसरं काही टेकवून उभं ठेवायचं नाही. मांडवाची मेढ नाही, शिडी नाही, मोडक्या गोठ्याला दिलेला टेकू नाही. बायका मुसळसुद्धा आडवं करून ठेवतात. मग विजेचे खांब कसे चालतात, असं बाहेरचा कुणी शहाणा विचारतोच. ते सरकारचे, ते आपल्याला काढता येत नाहीत. जे काढता येतं ते काढायचं, नऊ दिवसांनी पाहिजे तर परत लावायचं. एवढा सोपा नियम, आणि तो कुणी मोडल्याचं गावाला आठवत नाही.

ह्या काठीला पहिला खांदा रामहरी गवंड्याच्या घराचा. घर म्हणजे काय, दोन खणांचं पत्र्याचं, आणि मागं थोडं मुरमाड रान, त्यात बाजरी आली तर आली. वर्षभर रामहरीला गावात कोण विचारतंय? चावडीवर तो खालच्या पायरीला बसायचा. चहा आला तर शेवटचा कप त्याचा, आणि तोही कधीकधी त्याच्यापर्यंत येतायेता संपायचा. पण काठीच्या दिवशी सरपंच स्वतः त्याच्या डोक्याला फेटा बांधायचा. त्या दिवशी त्याच्या आधी काठीला कुणी हात लावायचा नाही, मग तो आमदाराचा पाव्हणा का असेना. वर्षातून एक दिवस मान मिळाला की माणूस बाकीचे दिवस रेटतो. रामहरी तसाच रेटत आला होता.

त्याला एकच मुलगी, राजेश्वरी. नवरा-बायकोनं कितीतरी हंगाम कारखान्यावर ऊस तोडून तिला शिकवली. ती नगरला इमारतींचे नकाशे काढायच्या ऑफिसात लागली, तेव्हा रामहरीनं कोयता टांगला आणि बापाची थापी पुन्हा हातात घेतली. बायको भागूबाई त्याच्या हाताखाली माल कालवायची, पाट्या द्यायची. बोलायला फटकळ, पण हात असा की तिनं कालवलेल्या मालात कधी खडा सापडायचा नाही.

आता इमारतीचं ऐका. दसरा झाला की निम्मं गाव उसाला जातं आणि मागं उरतात म्हातारी आणि पोरं. म्हाताऱ्यांनी दिवस घालवायचा कुठं? शाळेच्या ओट्यावर बसले तर मास्तर उठवायचे, देवळात बसले तर पुजाऱ्याला नेमकी तेव्हाच झाडलोट आठवायची. म्हणून सरपंच अजिनाथनं विरंगुळा केंद्र मंजूर करून आणलं. जागा दिली ती शाळेची भिंत आणि सोसायटीचं गोडाऊन यांच्या मधली बोळकांडी. कुणाला नको होती, म्हणून म्हाताऱ्यांना मिळाली. दोन्ही अंगांना भिंती, खिडकी काढायला जागाच नाही. अजिनाथ म्हणाला, "चार ट्यूबा लावू, झालं." गावात लाईट किती वेळ असते हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

नकाशा राजेश्वरीनं काढायचं ठरलं, आणि ती एका रविवारी त्याची पुठ्ठ्याची इमारत घेऊन आली आणि देवळाच्या पायरीवर ठेवली. छप्पर एका पातळीत नव्हतं. मागचा स्लॅब खाली, पुढचा छातीभर वर, आणि दोहोंच्या मधे उत्तरेकडं तोंड करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फट. तिनं मोबाईलची बॅटरी लावली आणि सूर्य जसा फिरतो तशी पुठ्ठ्यावरून फिरवली. माणसं एकेक डोळा मिटून दारातनं आत बघायला लागली. ऊन कुठंच पडत नव्हतं. नुसता उजेड पांढऱ्या भिंतीवर उतरत होता आणि तिथून खाली जमिनीवर पसरत होता.

रंगुबाई म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तिनंही गुडघे टेकून आत डोकावलं.

"ह्यात बसून डाळ निवडली तर खडं दिसत्याल का गं?"

"सुईत दोरा ओवशील, आज्जे," राजेश्वरी म्हणाली.

"आता गं बया! आगं, दोरा ओवून शिवू काय, माजं लुगडं फाटाय तरी नवं पायजे!"

माणसं हसली. कल्याण मात्र हसला नाही. कल्याण म्हणजे रामहरीचा चुलतभाऊ. आजोबाच्या वाटणीत काठीचा मान थोरल्याकडं गेला आणि धाकट्याच्या वाट्याला जमीन आली. जमीन पिकत होती, तरी कल्याणच्या पोटातलं दुखणं काही थांबत नव्हतं.

"मधी खांब दिसंना एक बी," तो म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात ना काका, भजनाला रिंगण धरायचंय, पोरांना कबड्डी खेळायचीय, मधी खांब नको? सगळं वझं ह्या एका मोठ्या बीमवर."

"आन त्यो मोडला म्हंजी?"

"लोखंडाचा हिशोब करून घेतलाय, काका. नकाशावर सही माझी आहे. मोडला तर मला धरा."

गावानं ते ऐकलं आणि नीट लक्षात ठेवलं. गाव चांगलं काही लक्षात ठेवो न ठेवो, असलं बरोबर ठेवतं.

काम दिवाळीनंतर रामहरीच्या हाताखाली सुरू झालं, पण स्लॅब काही पडेना. अजिनाथला ती फट बुजवून वरती स्वतःच्या बैठकीची खोली हवी होती. राजेश्वरी ऐकेना. अजिनाथ चिडला, वाळू अडली, सळई अडली, सगळा माघ-फाल्गुन त्या ओढाताणीत गेला. शेवटी साहेब लोकांचा तगादा आला तेव्हा कुठं चैत्रात स्लॅब पडला. उसाची माणसं गावात परतली होती, भैरोबाची जत्रा तोंडावर आली होती, आणि ऊन असं की सकाळी नऊलाच थापीची मूठ तापायची.

स्लॅब पडल्यावर गूळ-खोबरं वाटलं. मग राजेश्वरी बापाला घेऊन खाली गेली. आत स्लॅबला टेकू दिलेल्या बल्ल्यांचं रान माजलं होतं. मोठ्या बीमखाली तर खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, प्रत्येकीच्या बुडाला लाकडी पाचर.

"आबा, बाकी काही करा, पण ह्या बीमखालच्या चार आठवडे हलवायच्या नाहीत. तान्हं पोर जसं धरतात तसं हे धरून ठेवायचं."

"मला शिकवती का? तुझ्या आदीपासनं स्लॅब टाकतोय मी."

"तुम्ही टाकलेले घराचे, आबा. मधी खांब नसलेला एवढा लांब गाळा गावात आजवर कुणी टाकला नाही. जितका लांब गाळा, तितका टेकू जास्त दिवस."

"बरं बाई. भैरोबाची आन, न्हाई हलवत."

आन घातली तीही कुणाची, बघा. पोरगी निर्धास्त होऊन नगरच्या एस.टी.त बसली.

भागूबाई दिवसातून तीनदा टँकरचं पाणी डोक्यावरनं वर नेऊन बारदानावर ओतायची. घरात दोन हंडे ठेवायची, बाकी सगळं स्लॅबला. "लेकीपरास त्या दगडाला जास्त पाजते," बायका म्हणायच्या. "लेकीचाच हाय त्यो," ती म्हणायची.

दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. काठीच्या आदल्या दिवशी देवळात माणसं बसली. अजिनाथनं सुपारी फोडली, फेटा कुठला, वाजंत्री कुठली, सगळं ठरलं. रामहरी त्या दिवशी वरच्या पायरीवर बसला होता. आणि मग कल्याण बोलला.

"तेवढ्या मेढी काढाय पायजेत."

"कंच्या?" रामहरीनं विचारलं.

"तुझ्या लेकीच्या इमारतीखालच्या. का त्या दिसंनात तुला? शंभरभर मेढी उभ्या करून काठी उभी करायची, आन वर पैला खांदा तुजाच?"

"आरं, त्यो स्लॅब हाय. कच्चा हाय अजून."

"नऊ दिसांचा तर सवाल हाय," अजिनाथ म्हणाला. "दहाव्या दिशी परत लाव. नको कोन म्हनतंय?"

ही अशी बुद्धी. स्लॅब म्हणजे काय खाटेवरचा म्हातारा आहे, उशी काढली आणि परत दिली? पण देवळात बसलेल्या एवढ्या माणसांत एकालाही ते वावगं वाटलं नाही. गोठ्याचा टेकू काढतात, परत लावतात. मांडवाचा काढतात, परत लावतात. ह्याचं काय सोनं लागून गेलंय?

"पोरीनं सांगितलंय, चार आठवडं..."

"पोरीनं?" कल्याण हसला. "आता भैरोबानं पोरीला इचारून यावं म्हनतोस? मग असं कर, मेढी ऱ्हाऊ दे. खांदा मी देतो. माजा बी आजा त्योच हाय."

पुजाऱ्यानं हातातलं तबक खाली ठेवलं. रामहरीनं सगळ्यांकडं पाहिलं, आणि ज्याच्याकडं पाहावं त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"सकाळच्याला काढतो," रामहरी म्हणाला.

सकाळी तो हातोडा घेऊन निघाला तशी भागूबाई दारात आडवी झाली.

"अवं, पोरीला फोन तरी करा."

"तिला काय इचारायचं त्यात?"

"तिनं सांगितलंय ना, हलवू नगा म्हनून? तिची सही हाय तिथं."

"आन माजं काय हाय गं?" रामहरी एकदम ओरडला. "तिची सही हाय, सरपंचाची पाटी हाय, कल्याणची जमीन हाय. माजं काय हाय ह्या गावात? एक खांदा हाय. त्यो बी दिऊ का त्या भावबंदाला?"

भागूबाई दारातनं बाजूला सरली. मग म्हणाली, "माज्या हातनं एक पाचर सुटायची न्हाई. काय करायचं ते तुमचं तुमी करा." आजवरच्या कुठल्याच कामावर तिनं नवऱ्याचा हात सोडला नव्हता, तो त्या दिवशी सोडला.

एकटा रामहरी आत गेला. पहिली पाचर ठोकली. बल्ली निसटली, धाडकन पडली. तो भिंतीला चिकटून वर बघत राहिला. काही झालं नाही. दुसरी काढली. तिसरी. मग हाताला लय आली. घामानं बनियन अंगाला चिकटलं, डोळ्यांत सिमेंटची भुकटी गेली, तरी तो थांबला नाही. भैरोबाचं नाव घ्यायचा आणि हातोडा घालायचा. शेवटची बल्ली बीमच्या बरोबर मधली होती. ती काढताना जड लागली, जणू वरनं कुणी धरून ठेवली होती. त्यानं तिला दोन जास्तीचे ठोके दिले.

बल्ल्या बाहेर ओढून झाल्यावर तो परत आत आला आणि जागच्या जागी उभा राहिला. इतके दिवस त्या रानामुळं काही दिसतच नव्हतं. आता वरच्या फटीतनं उजेड उतरला होता, पांढऱ्या भिंतीवरनं खाली आला होता, आणि सगळी जागा मोकळी, मधे एक खांब नाही. पुठ्ठ्यात दाखवलं होतं तसंच, तंतोतंत. रामहरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. माझ्या पोरीनं केलं हे, माझ्या हातानं झालं हे, असं त्याला झालं.

रंगुबाई कुणाच्या तरी हाताला धरून सूप घेऊन आली. उजेडात बसली, डाळ पसरली.

"दिसतंय का गं म्हातारे?"

"रामा, ह्यो बघ खडा!" तिनं चिमटीत धरलेला खडा वर केला. "दिसला रं मला!"

त्या आनंदात रामहरीनं वर पाहिलं. बीमच्या पोटाला, बरोबर मधोमध, केसाएवढी भेग होती. त्यानं डोळे चोळले. मग पाण्याच्या पिंपावर चढून अंगठा फिरवला. भेग होतीच. गवंडी होता तो, त्याला काय कळत नव्हतं? पण देवळाकडं हलगी सुरू झाली होती. त्यानं तळहातावर सिमेंट घेतलं, चार थेंब पाणी टाकलं आणि भेग सारवून घेतली. बाहेर आला तेव्हा अंगठ्याला सिमेंट तसंच राहिलं होतं.

दुपारी अजिनाथनं त्याला फेटा बांधला. गुलाल एवढा की फेट्याचा रंग कळेना. सगळं गाव लोटलं होतं, आजूबाजूच्या वाड्यांचीही माणसं आली होती. काठी उभी करायचा खड्डा देवळासमोर, आणि बोळकांडीतली ती इमारत तिथून हाकेच्या अंतरावर. बघायला उंच जागा कुठली? शाळेच्या भिंतीवरनं दोघं-तिघं स्लॅबवर चढले. मग त्यांच्या मागं आणखी.

"तात्या, चढू देऊ का रं लोकांना?" अजिनाथनं रामहरीला विचारलं.

त्या वेळी नको म्हणाला असता तर? पण सकाळपासून काही हललं नव्हतं. देवानंच धरलंय, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आणि कल्याण शेजारीच उभा होता, दात काढून ऐकत होता.

"चढू द्या की!" रामहरी मोठ्यानं म्हणाला. "माज्या लेकीची इमारत हाय. हत्ती चढला तरी न्हाई हलायची."

लोक चढले. वरचा स्लॅब माणसांनी भरून गेला. खाली सावलीत रंगुबाई अजून डाळ निवडत बसली होती, आणखी दोन-चार म्हातारी उन्हाला कंटाळून आत येऊन टेकली होती.

रामहरीनं काठीला खांदा दिला. हलगीवाल्यांनी दणका धरला, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि चाळीस-पन्नास हातांनी काठी वर चढायला लागली. तिचं बूड खड्ड्यात घालून सरळ उभी करायची. माती-दगड भरून ठासेपर्यंत पहिल्या खांद्यानं ती सोडायची नाही. वजन सगळं त्याच्यावर. रामहरीची मान फुगली, डोळे बाहेर आले, काठी उभी राहिली.

आणि तेव्हाच आवाज झाला. आधी बारीक, वाळलेलं फाटं मोडावं तसा. नंतरचा मोठा.

हलगी थांबली. बोळकांडीतनं धुरळा वर आला आणि त्या धुरळ्यातनं माणसांच्या किंकाळ्या आल्या. काठीचे हात भराभरा सुटले, लोक तिकडं पळाले. रामहरी मान वळवून बघायला लागला, पण खांदा अडकलेला. काठी झुकली.

"सोडू नको!" अजिनाथ ओरडला. "रामहरी, सोडू नको काठी! खाली माणसं हायेत, पडंल! दगड टाका रं खड्ड्यात!"

आणि त्यानं सोडली नाही. "भागू कुठं हाय?" तो विचारत होता, "आरं, भागू कुठं हाय?" खड्ड्यात दगड पडत होते, माती पडत होती, कुणीतरी पहारीनं ती ठासत होतं. खड्डा भरला तेव्हा त्याचा खांदा सुटला.

भागूबाई आत होती. ती बाहेर उभी राहून वरती चढणाऱ्या लोकांना शिव्या देत होती म्हणे. फटीच्या उजेडात तिला भुकटी पडताना दिसली, तशी ती आत धावली. म्हाताऱ्यांना ओरडून बाहेर काढलं, रंगुबाईला उठता येईना म्हणून तिला ओढत दारापर्यंत आणलं आणि ढकललं. म्हातारी बाहेर पडली. बीम भागूबाईवर पडला. वरच्यांपैकी कुणाचे हात मोडले, कुणाचे पाय. मेली ती एकटीच. काढली तेव्हा तिच्या केसांत सिमेंट होतं, आणि रामहरी ते बोटांनी काढत बसला, निघेना तरी काढत बसला.

तालुक्याच्या दवाखान्यात मढं चिरायला नेलं होतं. बाहेर लिंबाखाली अजिनाथ त्याच्याजवळ येऊन बसला. फेटा रामहरीच्या डोक्यावर तसाच होता. अजिनाथनं तो हळूच काढून घेतला.

"तात्या, झालं ते झालं. आता बोलताना सांबाळून. मेढी कुणाच्या सांगन्यावरनं काढल्या, हे इचारत्याल."

रामहरी अंगठ्यावरचं सिमेंट खरवडत होता.

"काठीपायी काढल्या म्हनलास तर जत्रा बंद हुईल. भैरोबाला कोर्टात उभा करशील का? आन मनानं काढल्या म्हनलास तर तू आत जाशील. ह्या वयात."

"मंग?"

"सही कुनाची हाय नकाशावर? ती शिकलेली हाय. तिला वकील भेटंल, सायेब भेटंल, ती सुटंल. तुला कोन भेटनार हाय?" अजिनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काठीनं सालटं गेलेल्या खांद्यावरच. "मान तुज्याच घरात ऱ्हाईल. ह्यो माजा सबूद."

राजेश्वरी आली ती थेट आईकडं गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिनं बापाला धरलं, आणि रामहरी तिच्या गळ्यात पडून गुरासारखा ओरडला. खरं होतं ते रडणं. त्यात खोट नव्हती. खोट पुढं होती.

राख सावडल्यावर फौजदार गावात आले. देवळाच्या पायरीवर खुर्ची टाकली. गावातल्या माणसांनी एकामागं एक एकच सांगितलं. फटीमुळं पडलं. छपराला एवढं भगदाड कोण ठेवतं का साहेब? मधी खांब नको का? आमी अडानी, आमी सांगत हुतो, पन तिनं ऐकलं न्हाई.

रंगुबाई काठी टेकत पुढं आली. "सायेब, भागू वरडत हुती. मेढी काढू नगा म्हनून सांगितलं हुतं लेकीनं, ह्यांनी काढल्या, असं वरडत हुती. मी ऐकलंय."

"हिला दिसत नाही, साहेब," अजिनाथ म्हणाला.

"मेल्या, मला ऐकू येतंय की!"

कुणीतरी तिला हाताला धरून बाजूला नेलं.

मग रामहरीला बोलावलं. राजेश्वरी समोरच उभी होती, आईची चप्पल हातात धरून. ढिगाऱ्यातून तिनंच शोधून काढली होती.

"बल्ल्या कोणी काढल्या?"

"मी काढल्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

रामहरीनं काठीकडं पाहिलं. ती सरळ उभी होती.

"पोरीच्या. गेल्या खेपंला आल्ती, तवा सांगून गेली. दोन आठवड्यांनी काढा म्हनली."

राजेश्वरी एक पाऊल पुढं आली. मग ती म्हणाली, "आबा, माझ्याकडं बघून सांगा."

त्यानं पाहिलं, पण चपलेकडं. अंगठ्याजवळचा तुटलेला पट्टा भागूबाईनं सुतळीनं बांधला होता. तो म्हणाला, "तूच म्हनलीस."

"साहेब, हे खोटं आहे," राजेश्वरी म्हणाली. फौजदारांनी तेही लिहून घेतलं. गावाचा जबाब पानभर झाला, तिचा एक ओळ.

तिला पोलिसांच्या गाडीत बसवताना तिनं बापाला जवळ बोलावलं. तो गेला. न जाऊन करतो काय?

"आईला माहीत होतं का, तुम्ही काढताय ते?"

"व्हय."

"काय म्हणाली ती?"

रामहरी म्हणाला, "तुला फोन कर म्हनली."

राजेश्वरीनं चप्पल मांडीवर ठेवली आणि पुढं बघायला लागली. गाडी गेली. त्यानंतर ती गावात आली नाही, पुढं दहाव्यालाही आली नाही. नगरचं ऑफिस तिला त्याच आठवड्यात नको म्हणालं, हे रामहरीला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं.

घरात तो एकटा. चूल पेटत नव्हती, कुणीतरी भाकरी आणून द्यायचं. तो बसल्याबसल्या आपला खांदा चाचपायचा. मान राहिला, मान राहिला, असं स्वतःलाच सांगायचा. नवव्या दिवशी काठी उतरवायची, तिलाही पहिला खांदा त्याचाच. तो त्या दिवसाची वाट बघत होता, दुसरं उरलं होतं काय?

आदल्या दिवशी तो देवळाकडं गेला आणि काठीच्या दिवसांतल्या सवयीनं वरच्या पायरीला टेकला.

"खाली बस, तात्या," पुजारी म्हणाला. "सुतक हाय तुला."

"उद्याच्या खांद्याचं..."

"सुतकात खांदा कसा दिशील?" अजिनाथ म्हणाला. त्यानं नजर चुकवली नाही, एवढं मात्र खरं. "उद्या कल्याण दील."

"औंदा दिऊ दे," रामहरी म्हणाला. "पुढल्या साली..."

"दरसाली मान बदलाय त्यो काय फेटा हाय का?" अजिनाथ म्हणाला. "काठी उभी करताना रगात सांडलं, तात्या. तुज्या घराचं सांडलं. देवालाच नको आसंल तर आमी काय करायचं?"

"तू सबूद दिला हुतास."

"दिला हुता की. सुतकाचं तवा ध्यानात न्हाई आलं."

कल्याण खांबाला टेकून उभा होता. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती.

रामहरी खालच्या पायरीवर उतरून बसला. तेवढ्यात वारं सुटलं. चैत्रातलं वेडं वारं ते, डोंगरावरनं आलं आणि गावात घुसलं. पत्रे वाजायला लागले, जत्रेतल्या दुकानांची कापडं उडाली. काठीचं निशाण फडफडलं आणि काठी करकरत एका अंगाला झुकली. त्या दिवशी खड्डा घाईत भरला होता, नीट ठासलाच नव्हता. "काठी चालली! आरं, काठी चालली!" माणसं ओरडत धावली. दहा-वीस जणांनी बूड धरून ठेवलं, पण वारं काही थांबेना.

"टेकू द्या!" कल्याण किंचाळला. "टेकू द्या कुनीतरी!"

"टेकू चालतोय का पन?" एकानं विचारलं.

सगळ्यांनी पुजाऱ्याकडं पाहिलं. पुजाऱ्यानं क्षणभर डोळे मिटले. "देवाला दिलेला टेकू देवाचाच," तो म्हणाला. "चालतोय."

बल्ल्या जवळच होत्या. पडलेल्या इमारतीच्या तोंडाशी रामहरीनं त्या दिवशी ओढून टाकल्या होत्या तशाच पडून होत्या. पोरं पळत जाऊन तीन बल्ल्या घेऊन आली. पण लावायच्या कशा, हे कुणालाच जमेना. एक निसटली, दुसरी सरकली.

"रामहरी!" अजिनाथनं हाक मारली. "बसलास काय? गवंडी हाय ना तू? लाव की!"

रामहरी उठला. हातोडा, पाचरी, सगळं कुणीतरी हातात दिलं.

"काठीला हात लावू नगंस," पुजारी म्हणाला. "सुतक हाय. नुस्तं टेकू बसव."

त्यानं पहिली बल्ली तिरकी लावली, बुडाला पाचर घातली आणि ठोकली. दुसरी लावली. तिसरी उचलली तेव्हा त्याला ती वजनावरनं ओळखू आली. बीमच्या मधली होती ती. तिच्या डोक्याला अजून सिमेंट चिकटलेलं होतं. त्यानं ती काठीला भिडवली, अंगाचा स्पर्श न होऊ देता, आणि दोन जास्तीचे ठोके दिले. काठी सरळ झाली. माणसांनी चांगभलं केलं.

"घट हाय का?" अजिनाथनं विचारलं.

"हाय."

"बघ बाबा. पडाय नको."

"टेकू कवा काढायचा?" रामहरीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे की, काठी उतरंस्तोवर," अजिनाथ म्हणाला. "काढायची काय घाई हाय?"